रस्त्यात भेटलेल्याला ‘खंय वता?’ विचारणं: आपुलकी की चौकशी?

बार्देशातली_सून

मंडळी, आमच्या घरात सध्या एका विषयावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडते.

आमच्या वाड्यावर रस्त्यात भेटल्यावर कोणी कोणाला ‘नमस्कार’ म्हणत नाही. ‘गुड मॉर्निंग’ही नाही. दिसलं की विचारायचं, ‘खंय वता?’, म्हणजे कुठे चाललात? दूध आणायला निघा, पोस्टात निघा, नुसते पाय मोकळे करायला निघा, प्रश्न तोच. शुक्रवारी मी दोन रिकाम्या पिशव्या हातात घेऊन बसथांब्यावर उभी असते. शुक्रवारी बाजार म्हापशाचा, येणारी बस म्हापशाची, तरी समोरच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत, बसलेले आजोबा विचारणारच, ‘खंय वता गो?’ मी म्हणायचं ‘म्हापशां’ आणि त्यांनी समाधानाने मान डोलवायची.

मला हे मनापासून आवडतं. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इथे आले. या प्रश्नाने मला गावात घेतलं असं मी मानते. पण सध्या आई राहायला आलीय आणि तिला तो झोंबतो. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारू नये, काम होत नाही, हे तिच्या मनात पक्कं. शेजारच्या घरात दिल्लीहून आलेलं एक जोडपं भाड्याने राहतंय. त्यांचं म्हणणं आणखी वेगळं: गावातले लोक आमच्यावर पाळत ठेवतात.

तुम्हाला काय वाटतं? आणि बाहेरून आलेल्याला हे समजावायचं तर कसं?

डिचोलीकर

आगाऊपणा अजिबात नाही. विचारणाऱ्याला पत्ता नको असतो. उत्तरही ठरलेलं: ‘हांगाच’, म्हणजे इथेच. एवढं झालं की तो त्याच्या वाटेने, आपण आपल्या.

पण म्हणून हा प्रश्न पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. आमच्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ सकाळी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाट सोडायला गेले. शेवाळावरून पाय घसरला, खुबा दुखावला, उठता येईना. मोबाइल घरी. दुपारी जेवायला आले नाहीत तेव्हा सुनेने आरडाओरडा केला. त्यांची कुळागरं दोन, एक घराखाली, एक ओहोळापलीकडे. सकाळी देवळापाशी एकाने त्यांना ‘खंय वता?’ विचारलं होतं आणि ते ‘वयल्या कुळागरांत’, म्हणजे वरच्या बागेत, म्हणाले होते. त्याच्या एका वाक्यावर चार जण थेट ओहोळ ओलांडून गेले. पोफळीच्या बुंध्याला टेकून बसले होते, हाका मारून घसा बसलेला. त्या सकाळी दोघांनी एकमेकांना नुसते हात जोडले असते तर आधी खालचं कुळागर धुंडाळण्यात संध्याकाळ झाली असती.

पणजी_टू_पणजी

पणजीत प्रश्नही नाही, उत्तरही नाही. स्कूटरवरून भुवया वर करायच्या. समोरचाही भुवया वर करतो. काम झालं.

देशावरचा_गडी

@बार्देशातली_सून, तुमच्या आईंची बाजू मी घेतो. आमच्याकडे कोल्हापूर भागात उंबऱ्यावरच्या माणसाला कोणी ‘कुठं’ म्हटलं की आजी त्याला परत आत बोलवायची, घडीभर बसवायची, घोटभर पाणी द्यायची आणि मगच सोडायची. विचारायची सोय होती, पण वळसा घालून: ‘लांबचा पल्ला का?’ किंवा ‘यायला उशीर होईल का?’ रस्त्यात भेटलेल्याला ‘राम राम पाव्हणं’ पुरतं.

मात्र चौकशी आम्हीही करतो हं. आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘कुठलं गाव म्हणायचं पाव्हणं?’ मग भावकी, मग अमक्याचे तमके तुमचे कोण. चहा येईपर्यंत त्याचं निम्मं गणगोत आम्हाला पाठ असतं. आम्ही येणाऱ्याला विचारतो, तुम्ही जाणाऱ्याला विचारता.

फेरीबोट

दिवाडीच्या फेरीबोटीत नदीच्या मध्यावर मला एकाने विचारलंय, ‘खंय वता?’ बोट पलीकडच्या धक्क्याशिवाय जाणार कुठे? तरी मी सांगितलं, ‘दिवाडी.’ तो म्हणाला, ‘हांवय!’, म्हणजे मीही, आणि उतरेपर्यंत आमच्या गप्पा रंगल्या. :)

फोंडेकरीण

देशावरचा_गडी, फोंड्यातही तसंच आहे हो. माझ्या सासूबाई दारातून निघालेल्याला ‘खंय’ विचारू द्यायच्या नाहीत. परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही द्यायचं आणि गप्प राहायचं. घरातल्या पोरांनी चुकून विचारलं तर डोळे वटारायच्या.

पण त्याच सासूबाई बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, तळीकडे, दिसेल त्याला ‘खंय वता?’ विचारायच्या. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, उंबऱ्यावर माणूस निघतोय, रस्त्यावर तो निघून झाला. निघताना अडवायचं नाही. वाटेत भेटलेल्याला विचारलं तर काही अडत नाही. आईंना हे सांगून बघा. गोव्यात हा प्रश्न रस्त्यावरचा आहे, उंबऱ्यावरचा नाही.

तारवटी

जहाजावर आयुष्य गेलेल्या माणसाचे चार शब्द. आमच्या जहाजांवर गोवेकरांच्या बरोबरीने फिलिपिनो खलाशी असायचे. त्यांच्यात अगदी हेच. डेकवर, जिन्यात, मेसच्या दारात एकमेकांना विचारणार, ‘सान का पुपुंता?’ म्हणजे खंय वता. आणि उत्तर ‘दियान लांग’, म्हणजे आपलं हांगाच! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आपला वाडा आठवला. जहाज समुद्राच्या मधोमध, जायला जागा दोनच, एक केबिन आणि एक इंजिन रूम, पण विचारल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

इंडोनेशियाच्या पोरांचं ‘मौ के माना?’ तेच. त्यावर ‘जालान-जालान’, म्हणजे असंच भटकायला. थायलंडच्या बंदरांतही ऐकलंय. चिनी मंडळी ‘जेवलास का?’ विचारतात आणि त्यांनाही जेवणाचा तपशील नको असतो. युरोपियन अधिकाऱ्यांना मात्र हे जड जायचं. एक नॉर्वेचा चीफ ऑफिसर होता, भला माणूस. त्याला वाटायचं, खलाशी आपल्याकडे हिशेब मागतायत. शेवटी आमच्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, तो फिलिपिनो, त्याला बसवून सांगितलं की साहेब, तुम्ही आम्हाला रोज ‘नाइस वेदर’ म्हणता, हवा आम्हालाही दिसते, तरी आम्ही वाईट वाटून घेत नाही. चीफ ऑफिसर हसला आणि त्यानंतर स्वतःच विचारू लागला.

साष्टीची_लेक

सगळे आपुलकी आपुलकी म्हणतायत म्हणून दुसरी बाजू लिहिते. राग मानू नये.

मी मडगावजवळच्या गावात राहते, नोकरी करते. माझा भाऊ रात्री नऊला बाहेर पडतो, त्याला ‘खंय वता रे?’ विचारतात. तो ‘हांगाच’ म्हणतो आणि सुटतो. मी त्याच वेळी बाहेर पडले तर माझं ‘हांगाच’ चालत नाही. पुढचा प्रश्न तयार असतो: ‘एकलीच?’ मग ‘कोणावांगडा?’ (कोणाबरोबर?) मग ‘आवयक खबर आसा?’ (आईला माहीत आहे?) आणि मी परत यायच्या आधी ते सगळं, वर दोन गोष्टींची भर घालून, आईपर्यंत पोचलेलं असतं.

मी बस चुकवून रिक्षाने आले तरी गावाला कळतं. मला सोडायला ऑफिसचा सहकारी आला तर त्याच्या गाडीचा नंबरही कळतो. तुमच्या दिल्लीच्या शेजाऱ्यांना पाळत वाटते, तर ती बाई एकटी चालत असताना काय काय विचारलं जातं, तेही एकदा विचारा. प्रश्न वाईट नाही. तो सगळ्यांना सारख्याच पद्धतीने विचारला जात नाही, हे माझं दुखणं आहे.

फोंडेकरीण

साष्टीची_लेक, शंभर टक्के पटलं. राग कसला? एक प्रश्न, एक उत्तर, तिथे ते थांबलं पाहिजे. दुसरा प्रश्न आला की तो नमस्कार राहत नाही, ती उलटतपासणी झाली. आणि हे सांगायचं काम आम्हा मोठ्या बायकांचं आहे. आमच्या वाड्यावर एक जण मुलींना असंच खोदून खोदून विचारायचा. माझ्या जाऊबाईंनी चारचौघांत त्याला ऐकवलं, ‘तुका कित्याक जाय?’ (तुला कशाला हवंय?) त्यानंतर मुलींच्या वाटेला गेला नाही.

तुझ्यासाठी एक उपाय. ‘एकलीच?’ आलं की उत्तर देऊ नकोस, हसून उलट विचार, ‘तुमी खंय वतात?’

साष्टीची_लेक

फोंडेकरीण, बरं वाटलं वाचून. पण विचारणारे बल्कांवात बसलेले असतात, ते कुठेच जात नसतात. :) त्यांना काय विचारू?

फोंडेकरीण

‘बरे आसात मू?’ (बरे आहात ना?) विचारायचं आणि चालू लागायचं. मग ते गुडघ्याबद्दल सांगू लागतात आणि तुझं राहून जातं.

दिवाडचो_यजमान

मी पाहुण्यांना घरातल्या खोल्या देतो, त्यामुळे हा विषय रोजचा. एक गंमत सांगतो. परदेशी पाहुणे भारतात हात जोडतात एवढं शिकून येतात. मार्च २०२० नंतर तर जास्तच, कारण कोरोना आला तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी स्पेनच्या राजाराणीचं हात जोडून स्वागत केलं होतं, ब्रिटनचे चार्ल्स, तेव्हा युवराज होते, त्यांनीही लंडनमधल्या एका कार्यक्रमात पुढे केलेला हात मागे घेऊन हात जोडले. जगभर ते टीव्हीवर दिसलं. तर हे पाहुणे सकाळी गावात निघतात, भेटेल त्याला हात जोडून मान झुकवतात, आणि गावातला माणूस विचारतो, ‘व्हेअर गोइंग?’ बिचारे गोंधळतात. नमस्काराला नमस्कार मिळेल या हिशेबाने आलेले असतात.

मी आता पहिल्या दिवशी चहाबरोबरच सांगतो. रस्त्यावर विचारतील, तर हात दाखवून ‘देअर’ म्हणा आणि हसा. खरं ठिकाण सांगायची सक्ती नाही. उलट विचारलंत तर फारच छान. गेल्या मोसमात एक जर्मन आजोबा होते. ते मात्र प्रत्येकाला सविस्तर सांगायचे, आधी चर्च, मग फेरी, साडेबाराला परत. तिसऱ्या दिवशी साडेबारा वाजून गेले तर पोदेर, म्हणजे पाववाला, माझ्याकडे विचारायला आला, तुमचे म्हातारे आले का परत? जर्मन आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे ते इमारतीत एकटे राहतात.

स्विंडनची_बहीण

माझी धाकटी बहीण इंग्लंडात स्विंडनला असते. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले गोवेकर तिथे भरपूर. तिथले लोक जाता जाता विचारतात, ‘ऑल राइट?’ बहिणीने पहिल्या आठवड्यात शेजारणीला थांबवून कंबरदुखी सांगायला घेतली. एमआरआयपर्यंत पोचेस्तोवर शेजारीण कोपऱ्यावर वळली होती. तिला चार दिवस वाईट वाटलं, ही विचारते आणि ऐकत नाही. आता ती पण ‘ऑल राइट’ला ‘ऑल राइट’ म्हणते.

कुवेतकर

आखातात अगदी उलट. इथे दुकानात किंवा ऑफिसात शिरल्याबरोबर कामाचं बोललं तर उद्धट समजतात. आधी सलाम, मग प्रकृती, मग घरची मंडळी, मग परत प्रकृती. उत्तर काहीही असो, ‘अल्हमदुलिल्लाह’. मात्र ‘घरचे कसे आहेत’ मोघमच विचारायचं, कोणाच्या बायकोची थेट चौकशी करायची नाही. आपला एक नवा मुलगा प्रेमाने कुवेती साहेबांना ‘मॅडम कशा आहेत?’ विचारून बसला, साहेबांचा चेहरा बदलला. बाईने आधी हात पुढे केला तरच हस्तांदोलन. नाहीतर आपला तळहात छातीवर ठेवायचा, पुरतं. जवळचे पुरुष भेटले की नाकाला नाक लावतात. आम्ही गोवेकर ते लांबून बघतो.

डिचोलीकर

कुवेतकर, म्हणजे कुठला प्रश्न चालतो आणि कुठला नाही, हे प्रत्येक ठिकाणी ठरलेलं असतं. आमच्याकडे कुठे चाललात ते विचारा, पण पगार किती ते विचारू नका.

देशावरचा_गडी

आमच्याकडे पगारही विचारतात. :)

शेजारधर्म (अवांतर)

गालाला गाल लावण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पोर्तुगालमध्ये दोन, नेदरलँड्समध्ये तीन, फ्रान्समध्ये प्रदेश बदलला की आकडा बदलतो. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नात, फेस्तात दोन गाल ठरलेले. माझं बालपण अशा घराशेजारी गेलं. माझे वडील लग्नाला जायचे तेव्हा दारातच हात जोडून किंचित वाकायचे. यजमानीणबाई ओळखायच्या आणि हसत हात जोडायच्या. आई मात्र गालाला गाल लावायची, तिला ते आवडायचं. एकाच घरातले दोघे, दोन पद्धती, आणि शेजाऱ्यांनी दोन्ही सांभाळल्या.

पण मला खरं सांगायचंय ते संध्याकाळचं. इगर्जीची, म्हणजे चर्चची, घांट वाजली की माझी मैत्रीण खेळ टाकून घरात पळायची. तेर्स, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, झालं की घरातली पोरं रांगेने मोठ्यांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायची, हात जोडून, मान खाली. त्याच सुमाराला आमच्याकडे तुळशीपुढे दिवा, शुभंकरोती आणि मग मोठ्यांच्या पाया पडणं. पावसात कधी मी त्यांच्याकडे अडकले तर त्या रांगेच्या शेवटी उभी राहायची. मैत्रिणीची आजी माझ्या डोक्यावर तितकाच वेळ हात ठेवायची आणि म्हणायची, ‘देव बरें करूं.’ घरी येऊन मी आमच्या आजीच्या पाया पडायची. मला दोन्हीकडचे आशीर्वाद हक्काचे वाटत आलेत.

म्हापशेकर७

मूळ मुद्दा: गोव्यात राहायचं तर कोंकणीत बोला, ‘राम राम’ वगैरे घाटावर ठेवा.

व्यवस्थापक

धागा भाषावादाकडे नेऊ नये. गोव्यात १९८७ पासून कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी वापर होतो. त्यावर वेगळे धागे आहेत. इथे अभिवादनावरच लिहावं.

साखळीकर_माऊली

म्हापशेकर, ‘राम राम’ साखळीतही म्हणतात, घाट चढावा लागत नाही. :)

आमच्याकडे विठ्ठलापूरला विठ्ठलाचं देऊळ आहे. आषाढीला पंढरपूरला दिंड्या निघतात. वारकरी भेटले की ‘माऊली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, दोघेही, एकाच वेळी. वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. एकदा देवळात एक परदेशी बाई आल्या होत्या. सत्तरीचे बुवा विशीतल्या पखवाजवाल्याच्या पाया पडताना त्यांनी पाहिले. मला हळूच विचारतात, यांनी या मुलाचा काय अपराध केला? त्यांना ती क्षमायाचना वाटली. तेवढ्यात तो मुलगा बुवांच्या पायाशी वाकला तेव्हा त्या आणखी गोंधळल्या. मी म्हटलं, दोघांनाही समोरच्यात विठ्ठल दिसतो. त्या कीर्तन संपेपर्यंत बसल्या आणि जाताना माझ्याच पायाशी वाकल्या. मग मलाही वाकावं लागलं, नियमच आहे तो.

बाहेरच्या लोकांना पाया पडणं ही लाचारी वाटते, हे मी बऱ्याचदा ऐकलंय. सासरी नव्या सुनेकडून सक्तीने करून घेतात तेव्हा ती असतेही. पण वारीतलं तसं नाही, कारण तिथे कोणीच ताठ उभा राहत नाही.

कट्ट्यावरचा_मास्तर

बार्देशातली_सून यांच्या दिल्लीकर शेजाऱ्यांसाठी उपयोगी पडेल असं थोडं. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या त्रोब्रिआंड बेटांवर राहिले होते. १९२३ साली आलेल्या एका निबंधात त्यांनी अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. प्रकृतीची विचारपूस, हवापाण्याच्या गोष्टी आणि मेलानेशियातला ‘कुठून आलास?’ हा प्रश्न, ही सगळी त्यांचीच उदाहरणं. माहिती मिळवणं हा यांचा हेतूच नसतो. समोर आलेला माणूस गप्प राहिला तर त्याची धास्ती वाटते. काहीतरी बोललं की ती जाते, आणि दोघांत नातं तयार होतं. खंय वता, ऑल राइट, नाइस वेदर, सगळे एकाच माळेचे मणी.

डिचोलीकर

मास्तर, मान्य, पण पूर्ण नाही. आमच्या कुळागरवाल्यांना माहितीनेच वाचवलं.

कट्ट्यावरचा_मास्तर

खरंय. रोज शंभरदा तो नुसता नमस्कार असतो, एखाद्या दिवशी ती माहिती ठरते. तुमचं उदाहरण त्या निबंधात बसत नाही, आणि ते मला निबंधाहून आवडलं.

शिवोलीकर

‘पाळत’ या शब्दावर मला बोलायचंय, कारण तो मी आमच्या भागात वरचेवर ऐकतो.

गोव्यातल्या जुन्या घरांना बल्कांव असतो. दाराच्या दोन्ही बाजूंना बसायला बाक, तोंड रस्त्याकडे. दुपारची झोप झाली की घरातली म्हातारी माणसं तिथे येऊन बसतात. त्यांच्याकडे बघून कोणी न बोलता गेलं तर त्यांना वाईट वाटतं, आणि त्यांनी न विचारता सोडलं तर जाणाऱ्याला वाईट वाटतं. तो प्रश्न असा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. विचारणारा कोण आहे, कुठे बसलाय, त्याचं घर कुठलं, सगळं तुमच्यासमोर असतं. तुम्ही खोटं सांगू शकता, हसू शकता, उलट विचारू शकता. साष्टीची_लेक म्हणते तसे काही लोक मर्यादा सोडतात, त्यांना सुनवायलाही येतं, कारण ते समोर असतात.

आता आमच्याकडे जुनी घरं विकली जातायत. नवा मालक पहिलं काम करतो ते चिऱ्यांची डोक्याएवढी भिंत घालायचं, मग सरकतं गेट, मग गेटवर कॅमेरा. माझ्या घरापासून चर्चपर्यंतच्या रस्त्यावर पूर्वी दहा जण विचारायचे. आता दोन उरलेत, बाकीच्या ठिकाणी कॅमेरे आहेत. ते कॅमेरे मला विचारत काही नाहीत, फक्त माझं चित्र काढून ठेवतात, आणि ते कोण बघतं मला ठाऊक नाही. पाळत म्हणायचीच असेल तर मी याला म्हणेन. बल्कांवातल्या म्हाताऱ्याला नाही.

माझी आई ब्याऐंशीची आहे. तिच्या शेजारची दोन्ही घरं वर्षातले दहा महिने बंद असतात. ती अजून चारला येऊन बसते. विचारायला माणूस येत नाही म्हणून ती हल्ली पोस्टमनलाच विचारते.

साष्टीची_लेक

शिवोलीकर, तुमच्या आईंना मी खुशाल सगळं सांगेन, कोणावांगडा तेही. कुठे बसतात सांगा, त्या बाजूला आले तर येईन.

शिवोलीकर

ये गो. व्यक्तिगत निरोप पाठवतो. चहा तयार असेल.

बार्देशातली_सून

सगळ्यांचे आभार. फोंडेकरीणताईंचं उंबऱ्याचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दार सोडल्यावर किती पावलं गेलं म्हणजे रस्ता सुरू झाला?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी तिनेच तोड काढली. समोरच्या आजोबांना तिने सांगितलं की मला ‘कुठे’ नको, ‘लांब?’ विचारत जा. ते आता मराठीत ‘लांब?’ विचारतात, ती ‘इथंच’ म्हणते. दोघांनाही ते जमलंय.

दिल्लीच्या शेजारणीला तारवटींचा किस्सा सांगितला, तो तिला आवडला. नवऱ्याला अजून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, सवय नसलेल्याला दिवसातून पाच वेळा उत्तर देणं थकवतं. मला तेही खोटं वाटत नाही. शहरात कोणी हाक मारली तर काहीतरी विकायलाच मारतो, ती सवय त्याच्या अंगात आहे. मी त्याला उत्तर द्यायचा आग्रह करणार नाही. फक्त आजोबांकडे बघून मान हलव, एवढं सांगितलंय.

सावंतवाडीकर

गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या या बाजूलाही तेच. ‘खंय चललंस?’ ‘खंय नाय, हंयसर’, म्हणजे कुठे नाही, इथेच. सीमा सरकारला दिसते, या प्रश्नाला नाही.

नवा_मास्तर

उशिरा आलो. पुढच्या महिन्यापासून सत्तरी तालुक्यात शाळेवर रुजू होतोय, मूळ नांदेडचा. धागा पूर्ण वाचला. एकच शंका: मी स्वतःहून लोकांना ‘खंय वता?’ विचारलं तर चालेल, की आधी वाट बघायची?

डिचोलीकर

आधी त्यांना विचारू द्या. नव्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं तर जरा चमकतात. तुम्ही सकाळी साखळीहून वाळपईच्या बसमध्ये बसाल. शेजारचा विचारेल, कंडक्टर विचारेल, उतरल्यावर गाड्यावरचा चहावाला विचारेल. ‘शाळेंत’ म्हणा. आठवड्याभरात ते विचारायच्या आधी स्वतःच ‘शाळेंत मू?’ म्हणू लागतील. तिथून पुढे तुम्हीही विचारा. फक्त सरकारी हॉस्पिटलची फाईल हातात धरून उभ्या असलेल्याला विचारू नका, त्याला बसायला जागा द्या.

साखळीकर_माऊली

आणि शिगमो (शिमगा) जवळ आला की वर्गणीची वही घेऊन पोरं येतील, तीही तुमचं नाव आधीच लिहून. तेव्हा ‘हांगाच’ म्हणून सुटता येत नाही. :)